रिकामी सम

लातूर, जि. लातूर
४ डिसेंबर १९८२

चि. सौ. गोदावरीस,

ताईचे अनेक आशीर्वाद. हणमंतरावांना नमस्कार. इकडे सर्व ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते.

वर पत्ता वाचलास का? अजून 'जि.' लिहिलं की हात आपोआप उस्मानाबादकडे वळतो, मग त्याला कान धरून परत आणावं लागतं. ऑगस्टात आम्ही स्वतःच स्वतःचा जिल्हा झालो. मिरवणूक निघाली, पेढे वाटले, कचेऱ्यांच्या पाट्या नव्यानं रंगवून झाल्या. पाऊस मात्र या नव्या जिल्ह्याची दखल न घेताच निघून गेला. टँकर येतो, त्याच्यावर 'जिल्हा लातूर' असं ताज्या रंगात लिहिलेलं असतं. आत फारसं काही नसलं तरी वाचायला बरं वाटतं. तुझं बाई बरं आहे, दोन्ही गोदावऱ्या नांदेडलाच.

लिहिण्याचं निमित्त वाङ्मयीन आहे. जिल्हा झाल्याबद्दल आमच्या शाळेनं विशेषांक काढायचं ठरवलंय आणि मुख्याध्यापकांनी माझ्या गळ्यात विषय बांधलाय: 'एका बंदिशीचे रूप आणि आशय'. मी संस्कृत शिकवते, आणि जे जे जुनं ते ते संस्कृत असा त्यांचा समज आहे. सुरांशी माझं नातं तुला ठाऊक आहेच. लहानपणी मी तंबोरा जुळवायला घेतला की शेजारची बसम्मा भिंतीपलीकडून विचारायची, "काय तुटलं ओ बाई?"

तर बंदिश अशी: 'सांझ को दियना देहरी'. संपली. म्हणजे संपली नाही, गाणारा तिथं थांबतो. रोज दिवेलागणीला तेवढीच ओळ, आणि 'देहरी'वर येऊन गप्प. देहरी म्हणजे आपला उंबरा, एवढं मला कळतं. संध्याकाळी दिवा उंबऱ्यावर काय? ठेवला? विझला? ठेव? की आता ठेवू नकोस? अगं, एका क्रियापदावर सगळा रस टांगलेला आहे. 'ठेव' असेल तर कुणाची तरी वाट पाहणं चाललंय, म्हणजे शृंगार. 'विझला' असेल तर करुण. 'आता नको' असेल तर शांत, आणि मग माझा लेख फारच लहान होईल. आमच्या शास्त्रात म्हणतात की वाक्यातल्या शब्दाला पुढच्या शब्दाची भूक असते, तिचं नाव आकांक्षा. ही ओळ रोज उपाशी झोपते.

तबल्याचे नरसिंगराव येऊन गेले. त्यांना राग विचारला. म्हणाले, "मारवा हाय बाई. दिवस मावळतानाचा. ह्याच्यात सा असतो, पण लपवून ठेवायचा असतो. त्याच्याभवती नुसतं फिरून राहायचं आन् त्याला शिवायचं न्हाई."

मी म्हटलं, "ज्या सुरावरून बाकीचे सगळे मोजायचे तोच टाळायचा? ही कसली गायकी?"

"तुमच्या घरची," ते म्हणाले. मी चहा ठेवायला आत गेले.

तेव्हा ती बंदिश तुला येत असेल, तर पुढचा शब्द एका कार्डावर लिहून पाठव. लेखात तुझे आभार मानीन. आभार मानायला आमच्या विशेषांकात भरपूर जागा आहे, मजकूर कमी पडतो.

इथं पत्र संपवून पाकिटात घातलं होतं. पुन्हा बाहेर काढलं.

विशेषांक नाही, गोदू. मुख्याध्यापकांना बंदिश आणि बदली यांतला फरक कळत नाही, ते कुठले विषय देतात? आणि गाणारा कोण हे तू केव्हाच ओळखलं असशील. 'अण्णांचं नाव पत्रात आलं तर पत्र परत पाठवीन' असं तू म्हणाली होतीस, आणि तू म्हणालेलं करतेस. दहा वर्षं मी तेवढी जागा मोकळी सोडून तुला पत्रं लिहीत आले. बाजारभाव कळवले, बसम्माची गुडघेदुखी कळवली, आणि बापाची खुशाली 'इकडे सर्व ठीक'मध्ये कोंबली. आज ती तिथं मावत नाही.

दसऱ्यानंतर अण्णांना लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. 'पाणी' म्हणता येत नाही, माझं नाव घेता येत नाही. ही ओळ मात्र अख्खी गाता येते, शब्दांसकट. डॉक्टर म्हणतात, बोलणं जातं आणि गाणं मागं राहतं असं होतं कधी कधी. मागं राहिलं ते एवढंच. संध्याकाळ झाली की ओळ उचलतात, 'देहरी'शी थांबतात आणि डावा हात पुढे करतात. पेला दिला, तो ढकलला. चष्मा दिला, तो ढकलला. बसम्मा म्हणाली, "दिवा मागून राहिलेत की ओ. ठेवा की उंबऱ्यावर." ठेवला. अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला तंबोरा जुळवण्याचे दिवस आठवले. मग ते पलंगाची कड बडवतात आणि रडतात. अण्णा रडतात, गोदू. मी कुठं पाहायचं ते मला कळत नाही.

त्यांना काहीतरी हवंय आणि ते त्या एका ओळीत आहे. ती बंदिश त्यांनी स्वतः बांधलेली, एवढं मला माहीत आहे. कुणाला शिकवली तेही.

पत्र परत पाठवायचं असेल तर पाठव. पाठीमागे शब्द तेवढा लिही.

तुझी,
ताई


लातूर
२० डिसेंबर १९८२

चि. गोदूस,

आशीर्वाद. पत्र परत आलं नाही, कार्ड आलं. 'शब्द आठवत नाही. औषध काय चालू आहे?' दुसऱ्या वाक्यानं पहिल्याला खोटं पाडलं. नांदेडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून अख्ख्या गावाचे नंबर पाठ सांगणाऱ्या बाईला बापाचा एक शब्द आठवत नाही, हे हणमंतरावांना पटत असेल तर त्यांना माझा जास्तीचा नमस्कार.

औषध: डॉक्टरांच्या गोळ्या, तेलाची मालीश, बसम्माचा वाळूचा शेक आणि तिच्या माहेरचा, उदगीरचा अंगारा. कशानं काय होतंय सांगता येत नाही, पण थोडं होतंय. भिंतीला टेकून बसतात. आवाज मात्र बारीक होत चाललाय. ओळ पूर्वी ओट्यापर्यंत ऐकू यायची, आता मधल्या खोलीच्या दारापर्यंत येते.

पुढचं लिहू की नको, या विचारात बरेच दिवस घालवले. लिहिते.

नरसिंगराव पुन्हा आले, या वेळी तबला-डग्गा घेऊन. अण्णांनी ओळ उचलली, त्यांनी ठेका धरला. सम म्हणजे काय हे इतकी वर्षं या घरात राहून मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. ठेका वळसा घेऊन येतो, ओळ त्याच्या शेजारून चालत येते, आणि एका मात्रेवर दोघांनी भेटायचं असतं. अण्णा 'देहरी'पर्यंत नीट आले, कुठंही अडखळले नाहीत. आणि भेटायच्या मात्रेला गप्प. नरसिंगरावांची थाप एकटीच पडली. पुन्हा उचल, पुन्हा तेच. मग नरसिंगरावांनी हात काढून घेतला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मी पाणी घेऊन गेले.

"बाई," ते म्हणाले, "ही चीज म्या एकदाच वाजवलीय. बहात्तरला."

मला सगळं आठवलं, असं लिहिणार होते. विसरले कधी होते? बहात्तरचा दुष्काळ, सगळं गाव खडी फोडायला जात होतं, आणि दुष्काळ निधीसाठी गोलाईच्या बाजारपेठेजवळच्या मांडवात जलसा ठेवला होता. तुझी पहिली बैठक. अण्णांनी नवी बांधलेली चीज, फक्त तुला दिलेली. मी समोर बायकांत बसले होते आणि कौतुकानं फुगले होते. तू ओळ उचललीस, 'देहरी'पर्यंत आलीस, आणि थांबलीस. का थांबलीस ते मी तुला कधी विचारलं नाही. नरसिंगरावांना आज विचारलं. "काय की," ते म्हणाले. "म्या सम मारली, वर कुणीच न्हाई. माझा ठेका पुढं पळाला का पोरगी मागं राहिली, लई येळा इचार केला. न्हाई सांगता येत."

बघ, एवढ्या वर्षांत गावं कुणाची, तालुके कुणाचे, सगळं मार्गी लागलं, आणि एक मात्रा कुणाची ते अजून ठरत नाही.

आणि त्या मात्रेनंतर अण्णा भरल्या मांडवात तुला म्हणाले, "ऊठ."

तू उठलीस ती थेट नांदेडलाच जाऊन बसलीस. लग्नही तिकडंच केलंस. लातूर उस्मानाबादपासून निघालं तेव्हा पेढे वाटले. तू निघालीस तेव्हा मी तुझा तंबोरा गवसणीत घातला आणि अण्णा भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. ती चीज त्यांनी पुन्हा कधी गायली नाही. आणि पहिल्याच समेला मोडली म्हणून 'देहरी'च्या पुढचा शब्द तुम्हा दोघांखेरीज जगात कुणी ऐकलेला नाही.

आता माझा घोळ ऐक. बंदिशीचं रूप कळलं, आशय कळेना. ते बरोबर तिथं थांबतात जिथं तू थांबली होतीस. याचा एक अर्थ असा, की ते तुझी चूक करून दाखवताहेत. चुकणाऱ्याची नक्कल करायची त्यांची खोड तुला माझ्याहून जास्त माहीत आहे. सगळं गेलं आणि तेवढी खोड राहिली, असं असू शकतं. माणसाचं काय मागं राहावं याला शास्त्र नाही.

दुसरा एक अर्थ आहे. तो लिहीत नाही, कारण तो मला हवा आहे. आपल्याला हवा तोच अर्थ श्लोकातून ओढून काढणाऱ्या टीकाकारांची मी वर्गात थट्टा करते. घरी येऊन तेच करू?

म्हणून तुला 'ये' म्हणत नाही. ते वेडावताहेत की बोलावताहेत हे कळेपर्यंत म्हणणार नाही. एकदा सगळ्यांसमोर उठवलेल्या माणसाला मी त्याच जागी पुन्हा आणून बसवायचं, आणि पुन्हा तेच झालं तर? तू उठून नांदेडला तरी गेलीस. मी कुठं जाऊ?

नरसिंगरावांनी तुला आशीर्वाद सांगितलेत. बसम्मानं अंगारा दिलाय, सोबत पाठवते. तुला काही झालेलं नाही म्हटलं तर म्हणाली, "असू द्या की."

तुझी, काहीच न कळणारी,
ताई


लातूर
७ जानेवारी १९८३

प्रिय गोदू,

आशीर्वाद, नमस्कार वगैरे जिथल्या तिथं आहेत असं समज. आजचं आजच लिहायचं आहे.

आठवीच्या वर्गावर 'नदी' शब्द चालवत होते. माझी शिकवण्याची रीत तुला माहीत आहे: दोन रूपं मी म्हणायची आणि तिसऱ्यापाशी गप्प बसायचं, तिसरं वर्गानं म्हणायचं. 'नदी, नद्यौ', मी थांबले. वर्ग ओरडला, 'नद्यः!' खिडकीबाहेर टँकरसाठी घागरींची रांग लागली होती, त्यातल्या बाया हसल्या. एवढ्या नद्या एकदम कुणी मागितल्या नव्हत्या.

शेवटच्या बाकावर पंचशीला नावाची मुलगी आहे. तिला येतं सगळं, पण ती कायम सगळ्यांच्या मागून म्हणते, गर्दीत लपून. म्हटलं, आज एकटीनं म्हण. 'नदी, नद्यौ', आणि तिच्याकडं हात करून थांबले. ती बोलेना. मी थांबून राहिले, आणि थांबल्या थांबल्या माझं लक्ष माझ्याच हाताकडं गेलं. खडू उजव्या हातात होता म्हणून मी डावा पुढे केला होता. तळवा वर.

गोदू, तो हात मी रोज संध्याकाळी पाहते. त्यात मी पेला ठेवला होता. चष्मा ठेवला होता.

पंचशीला म्हणाली, 'नद्यः.' उशिरा, पण एकटीनं. मी तिला बस म्हणायचंही विसरले, ती बिचारी घंटा होईपर्यंत उभी होती.

ही रीत मी कुठल्या बी.एड.च्या कॉलेजात शिकले नाही. स्वयंपाकघरात शिकले, भाजी चिरता चिरता. बाहेरच्या खोलीत अण्णा ओळ म्हणत यायचे, समेच्या तोंडाशी थांबायचे, आणि मग त्या मोकळ्या जागेत तुझा आवाज पडायचा. मी इतकी वर्षं ते ऐकलं, तसंच शिकवत आले, आणि माझ्याच घरात ते चाललेलं मला ओळखता आलं नाही. शब्दाच्या मागं लागले होते ना. शृंगार, करुण, शांत! अगं, त्या ओळीत शब्द राहिलेला नाहीच. जागा ठेवलेली आहे.

आणि नक्कल? घरी येताना रस्ताभर तोच विचार करत आले, कारण मला माझाच भरवसा वाटत नव्हता. नक्कल करताना अण्णा काय करायचे ते आठवून पाहिलं. नाक फुगवायचे, मांडीवर थाप मारायचे, आणि समोरच्याकडं बघायचेसुद्धा नाहीत. हात पुढे कधीच करत नसत. हात फक्त शिकवताना.

तरी आज पारख केली. संध्याकाळी अण्णांनी ओळ उचलली, 'देहरी'शी आले, हात पुढे केला. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि त्या जागेवर माझ्या सुरात एक 'आ' ठेवून दिला.

भिंतीपलीकडून बसम्मा म्हणाली, "काय तुटलं ओ बाई?"

अण्णा हसले. अर्धंच तोंड हसतं आता, पण ते पुरं हसले. डोळ्यांतून पाणी आलं इतके. मग मान हलवली: नाही. आणि डाव्या हातानं पलंगाशेजारच्या सतरंजीवर थोपटलं. डाव्या अंगाला, तू तंबोरा घेऊन बसायचीस तिथं. मला वाटलं मला बस म्हणताहेत. बसायला गेले तर त्यांनी हात आडवा केला. ती जागा माझी नाही हे इतकं स्पष्ट मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मला वाईट वाटलं नाही. थोडं वाटलं.

मी विचारलं, "गोदू?"

त्यांनी पुन्हा थोपटलं. आणि ओळ पुन्हा सुरू केली, पहिल्यापासून.

'ऊठ' म्हणायला त्यांच्याकडं तोंड होतं. 'बस' म्हणायला आता एक हातच उरलाय, तोही डावा. तेवढ्यानं फिटतं का, मला माहीत नाही. तुला दहा वर्षं काय वाटलं तेही मला माहीत नाही. तू त्या दिवशी का थांबलीस, हे तर तुझं तुलाही माहीत आहे की नाही, देव जाणे. मी सगळं समजून लिहितेय असं वाटू देऊ नकोस, मी अजून गोंधळातच आहे. फक्त ते वेडावत नाहीत, एवढं आज माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आणि ते तुला न कळवता ठेवणं मला जमणार नाही.

नरसिंगराव सांगून गेलेत, मारव्यात सा फार वेळ टाळला की ऐकणाऱ्याचा जीव कासावीस होतो, मग कधीतरी तो लावावा लागतो. माझ्या दोन पत्रांत मी किती फिरले ते तू पाहिलंस. आता लावते.

ये.

दुपारची गाडी धर, लोह्यावरून येणारी. दिवेलागणीच्या आत पोचते. हणमंतराव आले तर उत्तम, न आले तर त्यांना म्हणावं ताईनं बायको उसनी मागितली आहे. गायलीच पाहिजेस असं नाही. नुसतं येऊन बस, आणि बसवेना तर ऊठ. या खेपेला तू आपणहून उठशील, आणि मी तुझ्याबरोबर बसस्टँडपर्यंत येईन. पण उशीर करू नकोस. आज ओळ माझ्यापर्यंत जेमतेम पोचत होती, आणि मी पलंगाला टेकून बसले होते.

तुझा तंबोरा गवसणीतून काढला. नरसिंगरावांनी तारा चढवल्या. जुळवल्या नाहीत. मी हात लावणार नाही, बसम्माला शब्द दिला आहे.

आणि पहिल्या पत्रात मागितलेला तो शब्द आठवला असेल, तर कार्डावर लिहू नकोस. ट्रंककॉल करूनही सांगू नकोस. मला तो नको आहे. तो जिथला आहे तिथं घेऊन ये.

सांज झाली आहे. उंबऱ्यावर दिवा मी ठेवत नाही, दार उघडं ठेवते.

तुझी,
ताई